२५० फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी पारखताना या चुका टाळा

नाशिकच्या पोरांना डर्ट ट्रॅकची हौस आहेच. रस्त्यावरची गाडी कापून-छाटून दोन-तीन हंगाम काढले की नजर खऱ्या रेसच्या गाडीकडे वळते: यामाहाची वायझेड२५०एफ, होंडाची सीआरएफ२५०आर, कावासाकीची केएक्स२५०, केटीएमची २५० एसएक्स-एफ. गाडी बदलते, पण पारखायची पद्धत पल्सर-बुलेटचीच राहते. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. धडधाकट गाडीला लोक नावं ठेवतात, आणि आतून खलास झालेलं इंजिन आवाजावर भाळून घरी आणतात.

"किलोमीटर किती झाले?"

या गाड्यांना ओडोमीटर नसतं, इथे हिशेब तासांचा. सीआरएफ२५०आरच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन आणि रिंगा दर ६ रेसनंतर किंवा साधारण १५ तासांनी बदलायला सांगितल्या आहेत. हा आकडा रेसच्या वापराचा आहे. रविवारी हौसेने फिरवणाऱ्याचा पिस्टन त्याहून पुष्कळ टिकतो. पण कॉम्प्रेशन १४ ला १ च्या आसपास, आरपीएम १३,००० च्या पुढे आणि या सगळ्याला ऑइल जेमतेम लिटरभर. अशा इंजिनाचं हेड १०० तासांत एकदाही उघडलेलं नसेल, तर "इंजिनाला हातही लावलेला नाही" ही विक्रेत्याची फुशारकी किंमत पाडायचं कारण समजा.

तासांचं मीटरही बाहेरून लावलेलं असतं, ते बदलता येतं. म्हणून फूटपेगचे (पाय ठेवायच्या खुंट्यांचे) दात, बुटांनी घासलेला फ्रेमचा रंग आणि स्प्रॉकेट बघा. मीटरवर २० तास आणि फूटपेग गुळगुळीत, तर काय ते समजून घ्या. पिस्टन बदलल्याची बिलं असतील तर उत्तम.

गरम इंजिनवर विश्वास

तुम्ही पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवलेली असेल, तर सरळ चहाला जा आणि इंजिन हाताला गार लागल्यावर परत या. खरी परीक्षा थंड स्टार्टची. यातल्या बऱ्याच गाड्यांचे इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात. हलके असतात म्हणून एवढ्या आरपीएमला तग धरतात, पण धूळ आत गेली की वरचा कडक थर झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये (ज्या कड्यावर टेकून तो बंद होतो त्यात) रुतत जातो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट, कमी होतो. शेवटी व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. कॉम्प्रेशन गळतं, गाडी स्टार्टला त्रास देते, आणि फिटर बिचारा प्लग बदलत बसतो.

किकच्या गाडीत हे पायाला लगेच कळतं. नव्या गाड्यांत बटण आहे (सीआरएफ२५०आरला २०१८ मध्ये आलं, केएक्स२५० ला २०२१ मध्ये), त्यामुळे दुखणं झाकलं जातं. स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतोय का, हे कान देऊन ऐका. शक्य असेल तर इंजिन थंड असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायला लावा. शिम (गॅप जुळवायची छोटी चकती) बदलून गॅप बरोबर केला आणि थोड्याच तासांत तो पुन्हा आवळला, तर शिमचा खेळ थांबवा. व्हॉल्व्ह गेलेत, सीटही तपासायला लागेल.

धूळ कुठून गेली? फिल्टर काढा आणि त्याच्या मागच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. आपल्याकडे जानेवारी ते मे ट्रॅकवर मुरमाची जी पीठासारखी धूळ उडते, ती फिल्टरच्या कोरड्या फोममधून सहज आत जाते. फोम ऑइलने चिकट हवा, कडेला ग्रीस हवं. तो पेट्रोलने धुऊ नका, सांधे सुटतात.

सेटिंग न करता निकाल

"लई हार्ड आहे, हात दुखतात." हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी मागून किती दबते, तो किती ठेवलाय? उत्तर बहुधा येत नाही. केटीएमच्या स्प्रिंगा साधारण ७५ ते ८५ किलोच्या रायडरसाठी असतात. ५८ किलोच्या पोराला ती गाडी कडक लागणारच, त्यात गाडीचा काय दोष?

मोजणं सोपं आहे. गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक लोंबतं ठेवा. ॲक्सलपासून मागच्या मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. मग हेल्मेट, बूट सगळं घालून बसा आणि पुन्हा मोजा. फरक १०० ते १०५ मिलिमीटर आला पाहिजे. प्रीलोडने, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच कमी-जास्त आवळून, तो जमवा. आता उतरा. नुसत्या स्वतःच्या वजनाने गाडी ३०-४० मिलिमीटर खाली बसली, तर स्प्रिंग तुमच्या जोगती आहे. जास्तच बसली तर स्प्रिंग तुम्हाला कडक, जेमतेम हलली तर मऊ. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे: कडक स्प्रिंगला तुमच्याखाली दबवायला प्रीलोड फारच सैल करावा लागलेला असतो.

केटीएमचा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा पुढचा फोर्क) असेल तर प्रेशर थंड असताना, चाक वर उचलून, त्याच्या खास पंपाने तपासा. बाकीच्यांत फोर्कच्या डोक्यावरचे ब्लीड स्क्रू ढिले करून साठलेली हवा सोडा. छोटा हत्तीत गाडी करकचून बांधून आणली असेल तर ऑइल सील गळतायत का तेही बघा. चाक आणि मडगार्डमध्ये ठोकळा ठेवून बांधायचं असतं.

टायरचंही तेच. पंक्चरवाला सवयीने ३० पीएसआय भरतो, इथे १२ ते १४ लागतं.

बाकीचं थोडक्यात

वजनाची तुलना करताना केटीएम पेट्रोलशिवायचा आकडा देतं, जपानी कंपन्या टाकी भरून देतात, हे लक्षात ठेवा. टाकी सहा-सात लिटरची, म्हणजे फरक पाचेक किलोचा. आणि पावसाळ्यात काळी माती चिकटली की ब्रोशरला काही अर्थच उरत नाही. तीच माती रेडिएटरच्या जाळीत बसते. पंखा नसलेली गाडी चिखलात अडकून रेस होत राहिली की कूलंट उकळतं, त्यात गाडीची खोट नसते.

मुंबईहून कार्बोरेटरची जुनी गाडी आणली आणि ती इथे जड ओढतेय, तर लगेच इंजिन खोलू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ. आधी जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारे जेट, बघा. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं किंवा वरचं घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

गंगापूर रोडवर ट्रायल मारू नका. हेडलाइट नाही, आरसा नाही, आरसी नाही. ही गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, आणि डांबरावर कळतही काही नाही. टेम्पोत टाकून ट्रॅकवर न्या, दहा-बारा मिनिटं सलग चालवा आणि तुम्ही दमल्यावर गाडी वळणं कशी घेते ते बघा. आरसी नसल्यामुळे मूळ बिल, आणि गाडी थेट बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचे कागद, एवढाच मालकीचा पुरावा असतो. फ्रेम नंबर त्याच्याशी जुळवल्याशिवाय टोकन देऊ नका.