दवबिंदू ओळखताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की कास पठारावर दवबिंदूचे, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या छोट्या रोपाचे, फोटो भराभर निघतात आणि त्यांखाली नावंही पडतात. पुष्कळदा चुकीची, कारण आपण रंगावर विसंबतो.

लाल म्हणजे ड्रॉसेरा बर्मानी, हिरवी म्हणजे ड्रॉसेरा इंडिका, हे दवबिंदूच्या दोन जातींचं समीकरण सोडून द्या. बर्मानी उघड्या उन्हात लालबुंद होते, गवताच्या सावलीत हिरवीच राहते. इंडिकाची फुलं गुलाबी असतात तशी पांढरीही.

पाहायची ती ठेवण. बर्मानीची पाचरीच्या आकाराची पानं जमिनीलगत गोल चक्रात पसरतात; पूर्ण वाढलेलं चक्रही जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं. इंडिकाला, म्हणजे गवती दवबिंदूला, चक्र नसतं. तिला खोड असतं, त्यावर दोऱ्यासारखी अरुंद लांब पानं, आणि कोवळं पान टोकाशी गुंडाळलेलं.

फसगत होते ती बर्मानी फुलावर आल्यावर. चक्र गवतात दडतं, उभा पुष्पदांडा तेवढा वर दिसतो आणि तोच खोड समजला जातो. त्या दांड्यावर एकही पान नसतं. गवत हलक्या हातानं बाजूला करून बुंधा पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

उभं खोड दिसलं की लगेच इंडिका, हेही चूकच. निलगिरीत आणि हिमालयात ड्रॉसेरा पेल्टाटाच्या गटातली झाडंही उभीच वाढतात. त्यांचं पान छोट्या ढालीसारखं असतं आणि देठ पानाच्या कडेला नाही, पाठीवर जोडलेला असतो. जमिनीत कंद असतो, पण तो पाहायला झाड उपटू नका. पानाचा देठ पुरेसा आहे.

मोबाइलवरची अ‍ॅप्स बर्मानीला कधीकधी ड्रॉसेरा स्पॅटुलाटा म्हणतात. ती भारतात रानात उगवत नाही. खातरजमा करायची तर भिंग घ्या: बर्मानीच्या फुलात मधोमध पाच कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचे बारीक दांडे) असतात, स्पॅटुलाटात तीन, पण बुडापासून दुभंगल्यामुळे सहा वाटतात. फूल उन्हातच उमलतं, तेव्हा ढगाळ दिवशी हे जमणार नाही.

केवळ वरून काढलेल्या फोटोवरून नाव विचारू नका. एक फोटो बाजूनं काढा, त्यात खोड आणि पानांच्या बुडाशी पातळ पापुद्र्यासारखी उपपर्णं आली पाहिजेत. बर्मानीला ती असतात, इंडिकाला नसतात. दुसरा फुलाचा, समोरून. दोन्ही फोटो ओलसर जागेबाहेर कोरड्या कातळावर बसूनच काढा, कारण त्या चिखलात बोटभर अंतरावर आणखी रोपं असतात.