टपालाने डावपेचांचे खेळ: पहिला डाव मांडण्याआधी

टपालाने किंवा ईमेलने खेळताना नवखा खेळाडू हरतो तो बहुधा वेंधळेपणामुळे. खेळी लिहिताना आकडे उलटे पडतात, तारीख हुकते, नाहीतर घरच्या पटावरचे मोहरे भलत्याच घरात उभे असतात. म्हणून इथे डावपेच फारसे नाहीत. खेळी लिहायची कशी, पाठवायची कशी आणि नोंद ठेवायची कशी, यावरच भर आहे.

आधी खेळ निवडा. प्रत्येक खेळ टपालाला मानवत नाही. कसोटी साधी आहे: एका फेरीत समोरच्याला किती वेळा निर्णय घ्यावा लागतो ते मोजा. बुद्धिबळात एकदाच. ज्या खेळात मी हल्ला केला, तू बचावाचे पत्ते टाकले, मग मी माघार घेतली, मग तू पाठलाग केला, असे चालते तिथे एका फेरीला चार पत्रे लागतात आणि डाव कधीच संपत नाही. लिलावाचे खेळ याच कारणाने रखडतात. टपालाला दोन प्रकार उत्तम. पहिला बुद्धिबळासारखा, दोघांत आळीपाळीने चालणारा आणि सगळे उघड असलेला. दुसऱ्यात सगळे खेळाडू एकाच मुदतीत गुप्त हुकूम लिहून पंचाकडे धाडतात आणि पंच ते एकदम उघडतो. डिप्लोमसी हा युरोपच्या नकाशावरचा खेळ त्याचा नमुना. तो १९५९ साली बाजारात आला आणि १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला.

सामान थोडेच लागते. बुद्धिबळासाठी दोन पट घ्या. एकावर फक्त खरी स्थिती मांडायची, दुसऱ्यावर विचार करायचा. खऱ्या पटावर ‘जरा बघतो’ म्हणून मोहरा हलवला की तो परत ठेवायचा राहतो, आणि पुढचे उत्तर अस्तित्वातच नसलेल्या स्थितीवर जाते. नकाशाच्या खेळात प्रत्येक फेरीला नकाशाची कोरी प्रत घ्या आणि रंगीत पेन्सिलींनी भरा. जुन्या प्रती फेकू नका. प्रत्येक डावाला स्वतंत्र वही ठेवा. तीत पाच रकाने: खेळी क्रमांक, समोरच्याची खेळी, पत्र मिळाल्याची तारीख, उत्तर धाडल्याची तारीख, वापरलेले एकूण दिवस.

बुद्धिबळाच्या खेळ्या कशा लिहायच्या

पत्राने बुद्धिबळ ही जुनी गोष्ट. लंडन आणि एडिंबरा इथल्या क्लबांचा सामना १८२४ ला सुरू झाला आणि १८२८ ला संपला. पाच डावांना चार वर्षे लागली, जिंकले एडिंबरा. आज आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळात आयसीसीएफ या संघटनेची आकडेपद्धत रूढ आहे. भाषेचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती सुरुवातीपासून शिकावी. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना १ ते ८, खालून वर आडव्या रांगांना १ ते ८. प्रत्येक घराला दोन अंक, आधी पट्टी मग रांग. खेळी म्हणजे निघायचे घर आणि पोचायचे घर, असे चार अंक. राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे गेले तर ५२५४. राजाच्या बाजूचा घोडा बाहेर आला तर ७१६३. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) करताना फक्त राजाची हालचाल लिहायची: पांढऱ्याचा जवळचा किल्लेकोट ५१७१, काळ्याचा ५८७८. प्याद्याला बढती मिळाली तर पाचवा अंक जोडायचा: १ वजीर, २ हत्ती, ३ उंट, ४ घोडा. म्हणजे ५७५८१ हा वजीर.

पत्रात या क्रमाने लिहा: डावाची खूण, समोरच्याची शेवटची खेळी पुन्हा, तुमची खेळी, तिन्ही तारखा (त्याने धाडले, मला मिळाले, मी धाडले) आणि वापरलेले दिवस. समोरच्याची खेळी परत लिहिण्याचा कंटाळा करू नये. त्याने ७१६३ लिहिले आणि तुम्ही ७१८३ वाचले, तर घोटाळा त्याच पत्रात उघडा पडतो. नाहीतर तो चार खेळ्यांनंतर कळतो. पाकीट बंद करण्यापूर्वी लिहिलेली खेळी आकडे वाचतच खऱ्या पटावर करून बघा, आठवणीने नको. चुकून लिहिलेली खेळी नियमात बसत असेल तर ती सहसा कायम होते. नियमबाह्य असेल तर परत येते, आणि स्पर्धेच्या नियमांप्रमाणे दिवसांचा दंडही बसू शकतो.

टपाली डावात १० खेळ्यांना ३० दिवस हे रूढ माप आहे. पत्र वाटेत असतानाचे दिवस धरत नाहीत. मिळाल्यापासून धाडेपर्यंतचेच मोजतात. सरासरी तीन दिवस एका खेळीला, पण ते सारखे वाटू नका. ओळखीच्या सुरुवातीच्या खेळ्या आल्या दिवशीच परत धाडा आणि उरलेले दिवस गुंतागुंतीच्या मध्यडावासाठी ठेवा.

वेळ वाचवायला सशर्त खेळ्या असतात: ‘तू अमुक केलेस, तर माझे उत्तर तमुक.’ उघड मारामारीत, जिथे परत मारण्यावाचून इलाज नाही, तिथे त्या फार सोयीच्या. मात्र ‘काहीही केलेस तरी’ अशी शर्त कधीही लिहू नये. काळ्याने १. ४२४४ ला ७७७६ असे उत्तर दिले आणि वर लिहिले, ‘दुसरी कोणतीही असो, माझे ६८७७’, म्हणजे उंट आपल्या कोपऱ्याकडे. पांढरा शांतपणे २. ३१८६ लिहितो. त्याचा उंट थेट काळ्याच्या उंटाच्या तोंडासमोर येतो, पण तो मारायची काळ्याला सोय नाही, कारण ६८७७ आधीच दिले आहे. मग ३. ८६७७. काळ्याचा उंट फुकट गेला, शेजारचा हत्तीही वाचणे कठीण, आणि डाव तिसऱ्या खेळीला संपल्यात जमा. शर्त लिहायचीच तर समोरच्याची नेमकी खेळी लिहा.

संगणकाची मदत चालते की नाही, हे पहिल्याच पत्रात ठरवा. आयसीसीएफच्या स्पर्धांत ती चालते. अनेक क्लबांत आणि मित्रांमित्रांत चालत नाही. न विचारता गृहीत धरले की पुढे कडवटपणा येतो.

सात जणांचा खेळ, एक पंच

डिप्लोमसीत सात सत्ता, ३४ रसद केंद्रे (नकाशावरची सैन्य पोसणारी ठिकाणे). १८ ज्याच्याकडे तो जिंकला. फासे नाहीत, म्हणूनच हा खेळ टपालाला इतका बसतो. खेळातल्या वर्षात वसंत आणि शरद असे हालचालींचे दोन ऋतू, दोन्हींनंतर माघार, आणि शेवटी हिवाळ्यात सैन्याची भर किंवा घट. प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत दिली तर वर्षाला पाच मुदती होतात. तीन आठवड्यांच्या मुदतीने हे सोसवणारे नाही. म्हणून वसंताची माघार शरदाच्या हुकमांबरोबरच घ्यायची आणि शरदाची माघार व हिवाळा एकत्र करायचा; तीन मुदती उरतात. दहा वर्षांचा डाव धरला तरी तीस मुदती, म्हणजे नव्वद आठवडे. ईमेलवर आठवड्याची मुदत ठेवली तर तीस आठवडे. सात जणांना हा हिशेब आधीच सांगा. ज्याला तो झेपत नाही त्याने सुरुवातीलाच बाहेर राहिलेले बरे.

सशर्त हुकूम इथेही चालतात: ‘ट्युनिस मिळाले तर नेपल्समध्ये नवे आरमार, नेपल्स रिकामे नसेल तर रोममध्ये.’ पंचाला अंदाज करावा लागू नये इतके स्पष्ट लिहा.

हुकूम लिहिताना प्रत्येक तुकडीला स्वतंत्र ओळ: तुकडीचा प्रकार, ती कुठे आहे, काय करायचे. नवख्यांचे सगळ्यात जास्त नुकसान पाठिंब्याच्या ओळीत होते. पाठिंबा म्हणजे स्वतः जागचे न हलता दुसऱ्या तुकडीला आपले बळ देणे. फ्रान्सला बर्गंडी हवे आहे, जर्मनीही म्युनिकहून तिथेच येतोय. फ्रान्सने असे लिहावे:

सैन्य पॅरिस – बर्गंडी
सैन्य मार्से पाठिंबा सैन्य पॅरिस – बर्गंडी

दोनास एक, फ्रान्स आत शिरतो. दुसरी ओळ ‘सैन्य मार्से पाठिंबा सैन्य पॅरिस’ एवढीच लिहिली तर तो पॅरिसमध्येच थांबण्याला पाठिंबा ठरतो. पॅरिसचे सैन्य तर निघालेले असते, त्यामुळे पाठिंबा वाया जातो, बळ एकास एक होते आणि बर्गंडीत कोणीच पोचत नाही. पाठिंबा देणाऱ्यावर तिसऱ्याच प्रांतातून हल्ला झाला तरीही तो तुटतो. म्हणून पाठिंबा शक्यतो अशा तुकडीकडून घ्या जिला कोणी हात लावू शकत नाही. मित्रराष्ट्राला पाठिंबा देताना त्याचा हुकूम शब्दशः मागून घ्या. ‘मी तिकडे जाणार आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

नावांची लघुरूपेही घात करतात. ‘नॉर’ म्हणजे नॉर्वे, नॉर्वेजियन समुद्र की नॉर्थ सी? ‘लिव्ह’ म्हणजे लिव्हरपूल की लिव्होनिया? ‘टायर’ म्हणजे टायरोलिया की टायरेनियन समुद्र? हुकमाचा एकच अर्थ निघत असेल तर पंचाने तो मानावा असा नियम आहे. दोन निघत असतील तर तुकडी जागची हलत नाही. पूर्ण नाव लिहायला दोन सेकंद लागतात. आणखी एक: स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन-दोन किनारे आहेत. मिड-अटलांटिकमधून आरमार स्पेनच्या कोणत्याही किनाऱ्याला लागू शकते, तेव्हा उत्तर की दक्षिण हे लिहावेच लागते.

मुदत हुकली तर तुमच्या सगळ्या तुकड्या नुसत्या उभ्या राहतात. नुकसान तुमचे एकट्याचे होत नाही. तुमच्या भरवशावर असलेला शेजारीही बुडतो. उपाय एकच: निकाल हातात आल्या दिवशीच कच्चे हुकूम पंचाला धाडून द्या, वर ‘नंतर बदलू शकतात’ असे लिहून. बदलाल तेव्हा सगळे हुकूम नव्याने पाठवा, ‘फक्त तिसरी ओळ बदला’ असे नको. पंचाचे हुकूम आणि इतरांशी वाटाघाटी कधीही एका ईमेलमध्ये घालू नका. ‘सर्वांना उत्तर’ या बटणाने मोडलेल्या युती काही कमी नाहीत. तुमच्या नावाने दुसऱ्याने खोटे हुकूम धाडू नयेत म्हणून पंचाबरोबर एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवा.

फासे आणि गुप्त खेळी, पंच नसताना

दोघांतच युद्धखेळ खेळायचा आणि फासे टाकायचे असतील तर जुना उपाय शेअर बाजाराचा. हुकूम देतानाच जाहीर करायचे की अमुक पुढच्या तारखेचे अमुक शेअरच्या सौद्यांचे आकडे घ्यायचे, या क्रमाने. प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक १ ते ६ असेल तर तोच फासा. ०, ७, ८, ९ आला तर सोडून पुढचा शेअर. तारीख हुकूम पोचल्यानंतरची हवी, आणि यादी लांब ठेवा, कारण दर दहा अंकांत सरासरी चार वाया जातात.

दोघांनी एकाच वेळी गुप्त हुकूम द्यायचे असतील तर ईमेलवर एसएचए-२५६ वापरा. ही पद्धत कुठल्याही फाइलचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, काढते; हॅशवरून मूळ मजकूर उलगडता येत नाही. हुकूम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा, शेवटी निदान वीस यादृच्छिक अक्षरांची ओळ घाला, फाइलचा हॅश काढून फक्त तो धाडा. दोघांचे हॅश पोचले की फाइली उघड करा आणि पडताळा. यादृच्छिक ओळ टाळली तर समोरचा शक्य त्या सगळ्या हुकमांचे हॅश काढून तुमचा ओळखू शकतो. फाइल जोडून पाठवा, ईमेलच्या मजकुरात चिकटवू नका. एक जागा किंवा ओळीचा शेवट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. मराठीत तर दिसायला एकसारखे अक्षरही दोन प्रकारे साठवलेले असू शकते.

सुरुवातीला बुद्धिबळाचे दोन डाव किंवा सात जणांचा एक, एवढेच घ्या. मध्येच थांबावे लागले तर गप्प बसू नका: पंचाला कळवा, ताजा नकाशा आणि चालू करारांची यादी द्या, म्हणजे तो राखीव खेळाडूला तुमच्या जागी बसवू शकेल.