जुन्या फोटोतलं जेट ओळखायचं कसं

दुसऱ्या महायुद्धातल्या जेट विमानाचा फोटो हाती आला की मी आधी इंजिनाची जागा बघतो, चिन्हं नंतर. पकडलेल्या जर्मन विमानांवर दोस्त राष्ट्रांनी आपली चिन्हं रंगवली. इंजिनं मात्र होती तिथेच राहिली.

पंखांखाली दोन लांबट, बारीक इंजिनं लटकत असतील तर बहुधा मेसरश्मिट २६२ हे जर्मन लढाऊ विमान. पण आराडो २३४ या बॉम्बरचीही इंजिनं तिथेच असतात, म्हणून नाक बघा. आराडोचं नाक काचेचं, पंख सरळ. मेसरश्मिटचं नाक टोकदार, त्यात ३० मिलिमीटरच्या चार तोफा, आणि पंख जरा मागे झुकलेले. एकच इंजिन पाठीवर आणि शेपटीला दोन उभी पाती असतील तर हाइन्केल १६२. जाड इंजिनं पंखांतच बसवलेली असतील, तर ब्रिटिश ग्लॉस्टर मीटिअर. त्याच्या इंजिनात हवा बाहेरच्या बाजूला फेकून दाबली जाते, म्हणून घेर मोठा; मेसरश्मिटच्या जर्मन युमो ००४ इंजिनात ती सरळ मागे जाताना दाबली जाते.

मग चाकं. मेसरश्मिट २६२ शेपटीवर टेकून उभं असेल तर फोटो नीट जपा, तो अगदी सुरुवातीचा नमुना आहे. १८ जुलै १९४२ ला जर्मनीत लाइपहाइमला चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल असंच विमान घेऊन फक्त जेटच्या जोरावर उडाला. शेपूट खाली असल्याने तिच्यावर पुरेशी हवा येत नव्हती. भर वेगात ब्रेक हलकेच दाबून त्याला ती उचलावी लागली. पुढे नाकाखाली चाक आलं ते यामुळेच. पंखांखाली छोट्या रॉकेटांची रांग दिसली तर साल १९४५ धरा.

बोगद्यात जोडणी चाललेली दिसली तर माणसंही बघा. ऑस्ट्रियात गुझेन या नाझी छळछावणीच्या कैद्यांना भूमिगत कारखान्यात मेसरश्मिट २६२ चीच धडं बनवायला जुंपलं होतं. फोटोखाली नुसतं विमानाचं नाव लिहून थांबू नका.

मीटिअर पांढरंशुभ्र असेल तर ते १९४५ च्या सुरुवातीला बेल्जियमला पाठवलेल्यांपैकी असू शकतं. आपल्याच लोकांनी ते पाडू नये म्हणून तो रंग. आणि फोटोखाली ‘मीटिअर आणि मेसरश्मिटची झुंज’ असं छापलं असेल तर खोडून टाका. ही दोन विमानं युद्धात समोरासमोर आलीच नाहीत. मीटिअरची शिकार होती व्ही-१ हे जर्मनांचे उडते बॉम्ब. ४ ऑगस्ट १९४४ ला तोफा अडकल्यावर डीन या मीटिअरच्या वैमानिकाने आपल्या पंखाने एका व्ही-१ चा पंख उचलून ते उलटवलं होतं.