‘माय फादर इज वोव्हन’: पॅसिव्ह व्हॉइसच्या या चुका टाळा

माझी शिकवणी सोलापूरच्या पूर्व भागात. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट आणि आत दहावीची पोरं. एकदा वडिलांवर पाच ओळी लिहायला दिल्या, तर एकाने लिहिलं: ‘माय फादर इज वोव्हन अ चादर.’ म्हणजे बापच मागावर चढला आणि विणून खाली उतरला! वर्गात खसखस पिकली. पोरगं मात्र अडून बसलं. “सर, वडिलांनी चादर विणली आहे. आहे म्हणजे इज, विणली म्हणजे वोव्हन. आणि मराठीच्या तासाला याला कर्मणी प्रयोग म्हणतात ना? मग पॅसिव्हच झालं की!”

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे. ‘चादर विणली, टॉवेल विणला, कापड विणलं’ असं मराठी क्रियापद कर्माच्या मागे धावतं, म्हणून ते कर्मणी. इंग्रजी क्रियापदाला चादर स्त्रीलिंगी की टॉवेल पुल्लिंगी, याच्याशी काही देणंघेणं नाही. तिथं कर्त्याच्या जागेवर कोण बसलंय एवढंच पाहायचं. वडील बसले तर ‘माय फादर हॅज वोव्हन अ चादर’, हे अ‍ॅक्टिव्ह. चादर बसली तर ‘द चादर हॅज बीन वोव्हन बाय माय फादर’, हे पॅसिव्ह. पॅसिव्हच्या जवळचं मराठी रूप ‘विणली’ हे नव्हे, ‘विणली गेली’ हे.

मी पोरांना एक साधी कसोटी देतो. मराठी वाक्यात ‘गेला-गेली-गेलं’ घालून बघा. ‘चादर विणली गेली’ कानाला चालतं. ‘अपघात झाला गेला’? ‘आजोबा वारले गेले’? नाही ना? मग तिथं पॅसिव्हही नाही. तरी ‘सात रस्ता चौकात अपघात झाला होता’ या वाक्यातला ‘होता’ दिसला की हात आपोआप ‘वॉज’ लिहितो आणि ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ तयार होतं. हॅपन, डाय, अराइव्ह, अपिअर या क्रियापदांना कर्मच नसतं, त्यामुळे उलटायला काही उरत नाही. नुसतं ‘हॅपन्ड’ लिहा, फार तर ‘हॅड हॅपन्ड’. रजेच्या अर्जातलं ‘आय वॉज सफर्ड फ्रॉम फीवर’ याच घरातलं. ‘आय वॉज सफरिंग’ म्हणा.

आता उलटी गंमत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. ‘ते जन्मले’ हे मराठीत सरळ कर्तरी, म्हणून पोरं ‘डॉक्टर कोटणीस बॉर्न इन सोलापूर’ लिहितात. इंग्रजीत मात्र आई जन्म देते आणि बाळाला तो दिला जातो. म्हणून ‘वॉज बॉर्न’. इथं ‘वॉज’ विसरायचा नाही.

क्रियापदाचं तिसरं रूप पाठ नसेल तर बाकी सगळं बरोबर येऊनही वाक्य पडतं. वीव्ह, वोव्ह, वोव्हन. ‘वॉज वोव्ह’ नाही. ‘हँग’ तर फसवंच आहे, त्याची दोन तिसरी रूपं आहेत. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, तिथं ‘वेअर हँग्ड’. त्यांच्या तसबिरी भिंतीवर टांगल्या, तिथं ‘वेअर हंग’. परीक्षेत ही अदलाबदल झाली की मला पेपर तपासताना कसंतरीच होतं.

‘बीइंग’ गाळणं ही पुढची खोड. ‘वॉटर इज सप्लाइड’ म्हणजे पाणी सोडलं जातं, नेहमीची गोष्ट. ‘वॉटर इज बीइंग सप्लाइड’ म्हणजे आत्ता सोडलं जातंय. सोलापूरकराला हा फरक जास्त फोडून सांगावा लागत नाही: पहिलं वेळापत्रक, दुसरं ऐकलं की घागर घेऊन नळाकडे पळायचं. कॅन, मस्ट, विल यांच्यामागे ‘बी’ हवाच. ‘चादर कॅन वॉश्ड’ नव्हे, ‘कॅन बी वॉश्ड’. आणि हॅज-हॅव नंतर ‘बी’ नाही, ‘बीन’.

‘बाय’चा सोस मात्र आवरा. ‘शेंगा चटणी इज मेड बाय पीनट्स’ असं एका मुलीने लिहिलं होतं. मला लगेच पदर खोचून उखळापाशी बसलेले शेंगदाणे दिसले. बायपुढे करणारा येतो, जिन्नस नाही. जिन्नसासाठी ‘विथ’ किंवा ‘फ्रॉम’. आणि करणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल तर तो सांगूच नका. ‘गड्डा यात्रा इज हेल्ड इन जानेवारी’ एवढं पुरे, त्यामागे ‘बाय पीपल’ कशाला?

निबंधात पॅसिव्ह वापरलं की इंग्रजी भारदस्त वाटतं, असा एक समज पोरांत आहे. त्यातून ‘टी इज ड्रंक बाय मी एव्हरी मॉर्निंग’ जन्माला येतं. व्याकरणात बसतं, हो. पण उद्या सकाळी टपरीवर जाऊन “माझ्याकडून एक चहा प्यायला जाणार आहे” असं म्हणून बघा, चहावाला आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.