ल्युसीनमध्ये एका फील्डच्या अनेक व्हॅल्यू: हायलाइट का सरकतो

ल्युसीन ही शोधासाठीची सॉफ्टवेअर लायब्ररी. सापडलेला शब्द रंगवताना (हायलाइट) ऑफसेट, म्हणजे मजकुरातले त्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे स्थान, वापरता येतो. अनेक व्हॅल्यूंच्या फील्डमध्ये ऑफसेट प्रत्येक व्हॅल्यूला शून्यापासून सुरू होत नाहीत, पुढे चालू राहतात. आधीच्या व्हॅल्यूचा शेवटचा ऑफसेट अधिक 'गेटऑफसेटगॅप' (दोन व्हॅल्यूंमधले अंतर, डीफॉल्ट 1) इथून पुढची व्हॅल्यू सुरू होते.

समजा, पहिली व्हॅल्यू 'पुणे शहर ' (शेवटी एक स्पेस), दुसरी 'नाशिक'. मोजणी यूटीएफ-16 (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) एककांत होते, त्यामुळे काना-मात्रा वेगळ्या धरायच्या: 'पुणे' 0 ते 4, 'शहर' 5 ते 8. शेवटची स्पेस धरून व्हॅल्यू 9 वर संपते. गॅप मिळवला की 'नाशिक' 10 ते 15.

बहुतेक गोंधळ त्या स्पेसवर होतो. स्वतः लिहिलेल्या टोकनायझरच्या (मजकुराचे शब्द, म्हणजे टोकन पाडणारा भाग) 'एंड' मेथडने 9 ऐवजी शेवटच्या टोकनचा 8 दिला, तर 'नाशिक' 9 ते 14 नोंदला जातो आणि पडद्यावर 'नाशि' रंगून 'क' बाहेर राहतो. अशा चुका साठत जातात. दहाव्या व्हॅल्यूपर्यंत भलताच शब्द रंगतो. म्हणून 'एंड'मध्ये टोकनायझरने वाचलेल्या मजकुराची पूर्ण लांबी 'करेक्टऑफसेट'मधून (ती मूळ मजकुरातल्या स्थानात बदलून देते) नेऊनच द्या, नाहीतर कॅरेक्टर फिल्टर (टोकनायझरआधी मजकूर बदलणारा भाग) लावल्यावर हिशेब पुन्हा बिघडेल.

हायलाइट करताना साठवलेल्या व्हॅल्यू त्याच क्रमाने, मध्ये एकच विभाजक ठेवून जोडा. रिकामी व्हॅल्यू गाळू नका, तिच्यासाठीही गॅप मोजलेला असतो. मजकूर सॉर्टेड-सेट डॉक व्हॅल्यूजमधून (व्हॅल्यू क्रमवारी लावून वेगळ्या साठवण्याचा प्रकार) मुळीच घेऊ नका: तिथे क्रम बदलतो, पुनरावृत्तीही उडते.

पोझिशन गॅप (दोन व्हॅल्यूंमधल्या शब्दांच्या क्रमांकांतले अंतर) ही निराळी गोष्ट. ल्युसीनवर उभ्या असलेल्या इलॅस्टिकसर्चमध्ये तो डीफॉल्टने 100 असतो आणि दोन व्हॅल्यूंवर पसरलेला फ्रेज (सलग शब्दसमूह) जुळू देत नाही. ऑफसेटवर त्याचा परिणाम नाही.

टोकनायझर दुरुस्त केल्यावर रीइंडेक्स (सगळा मजकूर पुन्हा इंडेक्स) कराच. पोस्टिंगमध्ये (शब्द कुठे आहे याच्या इंडेक्समधल्या नोंदी) लिहिलेले जुने ऑफसेट आपोआप बदलत नाहीत.