विजेवर चालणारे चाकांचे बूट पुण्यात उपयोगी पडतील का, हे कसे ठरवावे

असे बूट घेण्यापूर्वी आपली रोजची वाट एकदा पायी चालून बारकाईने पाहावी, कारण निर्णय बुटांपेक्षा पदपथावरच अधिक अवलंबून आहे. अमेरिकेतील शिफ्ट रोबोटिक्स या कंपनीने २०२२ मध्ये आणलेले ‘मूनवॉकर्स’ आपल्याच बुटांवर पट्ट्यांनी बांधले जातात; त्यांत स्केटिंगसारखे घसरायचे नसून नेहमीसारखी पावले टाकायची असतात, आणि मोटरच्या साह्याने वेग ताशी सुमारे ११ किलोमीटरपर्यंत जातो. जिना चढताना चाके थांबवून ठेवता येतात, ही सोय खरोखर विचारपूर्वक केलेली आहे.

मात्र चाके लहान असल्यामुळे उखडलेले पेव्हर ब्लॉक, उघड्या फटी आणि वाळू त्यांना मानवत नाहीत. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर ते चालू शकतील. पेठांतल्या अरुंद, दुचाकींनी अडवलेल्या वाटांवर सारखे पदपथावरून खाली रस्त्यावर उतरावे लागेल, आणि हे बूट घालून वाहनांच्या रस्त्यावर जाणे तर सर्वस्वी टाळावे. पावसाळ्यात ते घरीच ठेवावेत.

मेट्रो स्थानकापासून कार्यालयापर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा सपाट टप्पा असेल, तरच खर्चाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेक बूट जवळजवळ दोन किलोंचा असल्याने जोडी पिशवीत घेऊन गर्दीत उभे राहता येते का, हे तेवढे वजन उचलून आधीच पाहावे. सराव सोसायटीच्या मोकळ्या आवारात, हेल्मेट व मनगटाची संरक्षक पट्टी बांधूनच करावा.