क्लाउड सेवा घेताना पुरवठादाराकडून काय काय मागून घ्यावे

क्लाउड सेवेचा, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर आणि साठवणुकीची जागा भाड्याने देणाऱ्या सेवेचा, पुरवठादार निवडताना बहुतेक व्यवसाय दरपत्रकापासून सुरुवात करतात आणि तिथेच पहिली गफलत होते. दरपत्रक उघडण्यापूर्वी एका कागदावर दोन गोष्टी लिहून काढाव्यात: यंत्रणा बंद पडल्यास काम किती वेळ अडून राहिलेले चालेल, आणि शेवटच्या किती तासांच्या नोंदी गेल्या तर त्या पुन्हा हाताने भरता येतील. भोसरीतल्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे संकेतस्थळ दिवसभर बंद राहिले तरी फारसे बिघडत नाही. पण माल भरलेला ट्रक फाटकाशी उभा असताना बिलाचे सॉफ्टवेअर उघडत नसेल आणि त्यामुळे ई-वे बिल निघत नसेल, तर अर्धा तासही जड जातो. या दोन कामांना एकाच प्रतीची महागडी सेवा घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

यानंतर सेवेच्या हमीचा करार, म्हणजे एसएलए, नीट वाचावा. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहण्याची मुभा, ९९.५ टक्के म्हटले की तीच मुभा ३ तास ३६ मिनिटांवर जाते. ही हमी एकाच सर्व्हरला लागू आहे की दोन वेगळ्या ठिकाणी सर्व्हर ठेवल्यावरच लागू होते, आणि पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती या हिशेबात धरली जाते का, हे लेखी विचारावे. भरपाई सहसा पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपाने मिळते, तीही मुदतीत मागितली तरच. बुडालेल्या ऑर्डरचे पैसे त्यातून भरून निघत नाहीत.

बॅकअपच्या बाबतीत मात्र कितीही चिकित्सा केली तरी ती कमीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींचा मूळ डेटा आणि प्रत दोन्ही गेले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील यंत्रणा सेटिंगमधील एका चुकीमुळे पुसली गेली. तिथे दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रती कामी आल्या. म्हणून निदान एक प्रत वेगळ्या शहरात आणि शक्य झाल्यास वेगळ्या पुरवठादाराकडे ठेवावी.

‘बॅकअप रोज होतो’ या उत्तरावर समाधान मानू नये, कारण खरा प्रश्न तो परत उभा राहतो का, हा आहे. शनिवारी दुपारी शेवटची गाडी गेल्यावर पुरवठादाराला बॅकअपवरून कोऱ्या सर्व्हरवर यंत्रणा उभी करायला सांगावी आणि घड्याळ लावून बसावे. सॉफ्टवेअर उघडले की शुक्रवारचे शेवटचे डिलिव्हरी चलन शोधून फायलीतल्या कागदी प्रतीशी ताडून पाहावे: चलन क्रमांक, नग, रक्कम. याला लागलेला वेळ सुरुवातीच्या कागदावरील आकड्याशी जुळला नाही, तर करार पुढे नेऊ नये.

कायद्याच्या अपेक्षाही आधीच मांडाव्यात. कंपनीची हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. ही अट आता अवघड राहिलेली नाही. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे, त्यामुळे दोन्ही प्रती देशातच पण दोन शहरांत ठेवता येतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. एडब्ल्यूएसच्या क्लाउडट्रेल या नोंदी ठेवणाऱ्या सुविधेमध्ये स्वतंत्र साठवणूक न केल्यास ९० दिवसांच्याच घटना पाहायला मिळतात, म्हणजे उरलेल्या मुदतीची सोय आपणच करायची असते.

बिल रुपयांत आणि आपला जीएसटी क्रमांक घातलेले मिळावे, नाहीतर इनपुट टॅक्स क्रेडिटसाठी धावाधाव होते. खर्चाच्या मर्यादेचा इशारा लावून घ्यावा, पण तो बहुधा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

सेवा सोडून जाण्याच्या अटी सेवा घेतानाच ठरवाव्यात. डेटा आत आणणे बहुतेक ठिकाणी फुकट असते, बाहेर नेताना मात्र आकारणी होते. सोडून जाणाऱ्या ग्राहकांना मोठ्या पुरवठादारांनी २०२४ मध्ये हे शुल्क माफ करायला सुरुवात केली, तरी अर्ज, मुदत आणि अटी पाहूनच त्यावर विसंबावे. डेटा कोणत्या स्वरूपात हाती येईल आणि करार संपल्यावर तो किती दिवस शिल्लक राहील, हेही नमूद करून घ्यावे. केवळ त्याच पुरवठादाराकडे चालणारा डेटाबेस घेतला असेल, तर फाइल मिळूनही ती उघडायला जागा नसते.

शेवटचा मुद्दा चाव्यांचा. इमारत, वीज आणि यंत्रे सांभाळणे पुरवठादाराकडे असते. पासवर्ड आणि कोणाला काय दिसावे याची जबाबदारी आपली. यंत्रणा उभारून देणारा इंजिनिअर अनेकदा घाईत स्वतःच्या ईमेलवरच मुख्य खाते उघडतो. तसे होऊ देऊ नये. खाते कंपनीच्या ईमेलवर, ओटीपीचे सिमकार्ड कंपनीच्या नावावर, आणि ओटीपी मिळत नसताना खाते उघडणारे आपत्कालीन कोड तिजोरीत, बंद पाकिटात असावेत.